वाघांचे तूप : एका जुन्या चित्रपुस्तकाच्या सहवाचनाची समस्या

१

चित्रपुस्तक हा एकट्या वाचकाचा वाङ्मयप्रकार नव्हे. ज्याला अजून अक्षरओळख झालेली नाही असे मूल आणि ज्याला अक्षरे येतात असा प्रौढ या दोघांच्या मध्ये ते उघडले जाते. प्रौढाचे डोळे ओळीवर असतात, मुलाचे डोळे चित्रावर असतात. प्रौढ उच्चारतो, मूल ऐकता ऐकता पाहते. एकाच पानाची अशी दोन वाचने एकाच वेळी चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळतीलच याची शाश्वती नसते. पान केव्हा उलटायचे हे प्रौढ ठरवतो, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात चित्रावर बोट ठेवून ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार मुलाकडे असतो. या व्यवहाराला येथे ‘सहवाचन’ ही संज्ञा वापरली आहे.

बालसाहित्याच्या समीक्षेने सहवाचनाकडे अध्यापनाचे एक साधन म्हणूनच बहुधा पाहिले आहे. पुस्तकाने कोणता संस्कार केला आणि किती रंजन केले, असे दोन प्रश्न विचारून ती थांबते. दोन्ही प्रश्नांत अर्थ पुस्तकात आधीच तयार असतो आणि वाचणारा प्रौढ तो मुलापर्यंत नेऊन पोचवतो, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक किती अपुरे आहे ते जुन्या चित्रपुस्तकाच्या बाबतीत विशेषत्वाने उघड होते. जुने पुस्तक मुलापुढे येते ते प्रौढाच्या स्मरणातून. त्याने ते स्वतः लहानपणी कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेले असते, आणि तो सुखाचा अनुभव पुढच्या पिढीच्या हाती द्यावा ही त्याची इच्छा असते. मधल्या काळात पुस्तक बदललेले नसते, पण ते वाचण्याची स्थिती पार बदललेली असते.

हेलन बॅनरमन यांचे ‘द स्टोरी ऑफ लिटल ब्लॅक साम्बो’ हे १८९९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेले छोटेखानी चित्रपुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. विसाव्या शतकात इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या अनेक पिढ्यांनी ते आवडीने ऐकले. त्याच शतकात ते अनेक शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांतून बाहेरही काढले गेले. त्याचा जन्म हिंदुस्थानात झाला आणि त्यातले वाघ तुपात विरघळतात, एवढ्यामुळेही मराठी वाचकाला त्याची दखल घेणे भाग आहे. परंतु खरा प्रश्न त्याहून व्यापक आहे. ज्या पुस्तकाने काही मुलांना निर्भेळ आनंद दिला आणि काहींना जखम केली, ते पुस्तक मुलांबरोबर वाचणे म्हणजे नेमके काय करणे होय?

२

हेलन बॅनरमन (१८६२–१९४६) या मूळच्या एडिंबरोच्या. १८८९ मध्ये त्यांचा विवाह इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर विल्यम बॅनरमन यांच्याशी झाला आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी हिंदुस्थानात काढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम बॅनरमन हे मुंबईतील परळच्या प्लेग प्रयोगशाळेचे प्रमुख होते. हीच संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. ‘साम्बो’ची कथा मात्र त्याआधीची, मद्रास इलाख्यातली आहे. एलिझाबेथ हे यांनी १९८१ साली लिहिलेल्या बॅनरमन यांच्या चरित्रात आलेला वृत्तान्त प्रसिद्ध आहे. दोन लहान मुलींना कोडाइकॅनॉलच्या थंड हवेत ठेवून आई मद्रासकडे परतत होती आणि त्या प्रवासात तिने त्यांच्यासाठी ही गोष्ट रचून तिची चित्रे काढली. हस्तलिखित एका स्नेही बाईंबरोबर लंडनला गेले. ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाने लहान मुलांच्या हातात मावतील अशा ‘डम्पी बुक्स’ मालेत ते छापले आणि त्याचे सर्व हक्क अवघ्या ५ पौंडांना विकले गेले.

या चरित्रात्मक तपशिलाला वाङ्मयीन महत्त्व आहे. पुस्तकाचे मूळ विरहात आहे. आई जवळ नसताना तिच्या आवाजाची जागा घेण्यासाठी ते तयार झाले. वसाहतीतल्या गोऱ्या कुटुंबात मुलांना हवेसाठी डोंगरावर आणि शिक्षणासाठी मायदेशी पाठवणे हा नित्याचा भाग होता. बॅनरमन पुढेही आपल्या दूर असलेल्या मुलांना सचित्र पत्रे लिहीत राहिल्या. कथेतली आई मुलासाठी हाताने कपडे शिवते, बाप बाजारातून वस्तू आणतो आणि शेवटी तिघे एकत्र जेवायला बसतात. एकत्र जेवणारे हे काळे कुटुंब म्हणजे विखुरलेल्या गोऱ्या कुटुंबाच्या इच्छेची पूर्ती आहे, असा अन्वयार्थ लावता येतो. तो मान्य केला तर पुस्तकातला मूलभूत ताणही लक्षात येतो. ज्यांच्या सुखात लेखिकेने आपल्या मुलींसाठी सुख शोधले, त्यांनाच तिने चित्रात हास्यास्पद केले.

३

कथेचा घाट सरळ आहे. साम्बोला आई तांबडा कोट आणि निळी विजार शिवून देते. बाप बाजारात जाऊन हिरवी छत्री आणि किरमिजी तळव्यांचे जांभळे जोडे आणतो. नटूनथटून तो जंगलात फिरायला निघतो आणि एकामागून एक चार वाघ त्याला गाठतात. प्रत्येक वाघ त्याला खाण्याची भाषा करतो आणि प्रत्येकाला एकेक वस्तू देऊन तो जीव वाचवतो. चार पायांच्या वाघाला दोन जोडे कसे पुरणार, या अडचणीवर तो जोडे कानांत घालण्याचा तोडगा सुचवतो. छत्री धरायला हात मोकळा नाही म्हणणाऱ्या वाघाला ती शेपटीला बांधायला सांगतो. प्रत्येक वाघ आता आपणच जंगलातला सर्वांत ऐटबाज वाघ अशा तोऱ्यात निघून जातो. सर्वस्व गमावलेला मुलगा रडत घरी निघतो. वाटेत तो त्याच वाघांना ऐटीवरून भांडताना पाहतो. वाघ कपडे उतरवून एकमेकांवर तुटून पडतात, एकमेकांच्या शेपट्या दातांत धरून झाडाभोवती गरगर फिरतात आणि इतक्या वेगाने फिरतात, की विरघळून त्यांचे तूप होते. कामावरून परतणारा बाप ते पितळी भांड्यात भरून नेतो. आई त्या तुपात पॅनकेक तळते. ते वाघांसारखे पिवळे नि तपकिरी होतात. आई २७ खाते, बाप ५५ खातो आणि साम्बो १६९.

या कथेची मांडणी पानाच्या उलटण्यावर उभी आहे. रंग आणि वस्तू यांची जोडी प्रथम बांधली जाते आणि मग एकेक पान उलटताना ती जोडी सोडवली जाते. तांबडा कोट गेला, निळी विजार गेली, जांभळे जोडे गेले, हिरवी छत्री गेली. ऐकणाऱ्या मुलाला पुढे काय जाणार हे ठाऊक असते. ठाऊक असल्याचा आनंद हाच पुनरावृत्तीचा गाभा आहे. चित्रावर बोट ठेवून मूल रंगांची नावे आपणच सांगू लागते. कथेच्या मध्यावर साम्बो उघडा होतो आणि वाघ कपड्यांत असतात. माणूस आणि पशू यांच्या चिन्हांची येथे अदलाबदल होते. वाघ कपडे घालतात तेव्हाच त्यांच्यात प्रतिष्ठेची स्पर्धा शिरते आणि त्या स्पर्धेतच त्यांचा नाश होतो. मुलगा कोणालाही मारत नाही. कपडे नको असतील तर मी घेऊन जातो, असे तो वाघांना विचारून सांगतो. तोंडात शेपट्या असल्यामुळे त्यांना गुरगुरण्यापलीकडे उत्तर देता येत नाही. खाणारे तोंड दुसऱ्याच्या शेपटीत अडकते आणि ज्याला खायचे होते तोच शेवटी खातो. ही उलटापालट विलक्षण नेटकी आहे, आणि १६९ हा आकडा हे तिचे विजयपत्र आहे.

मराठी वाचकाला येथे म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही जंगल आहे, खायला टपलेला वाघ आहे आणि दुबळ्याची युक्ती आहे. म्हातारी वाघाला नकार देत नाही, मुदत मागते. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असे सांगते. साम्बो वस्तू देऊन वेळ विकत घेतो, तर म्हातारी शब्द देऊन. दोन्ही कथांत तूप हे पुष्टीचे, घरच्या मायेचे चिन्ह आहे. पण म्हातारीच्या गोष्टीत ते वाघाला दाखवलेले आमिष आहे, तर साम्बोच्या गोष्टीत वाघच तूप होतो. बॅनरमन यांच्यावर या लोककथेचा प्रभाव होता असा दावा येथे नाही. साम्य कथारूपाचे आहे. फरक मात्र निर्णायक आहे. भोपळ्याची गोष्ट मुखोद्गत परंपरेत वाढली आणि तिच्यातल्या म्हातारीला ठरावीक चेहरा नाही. ऐकणारे प्रत्येक मूल तिला आपल्या आजीचा चेहरा देते. साम्बोला चेहरा आहे, कारण तो चित्रपुस्तकात जन्मला. समस्येचा आरंभ तेथेच होतो.

४

या पुस्तकातले शब्द आणि चित्रे वेगवेगळी तपासली तर एक गोष्ट ध्यानात येते. शब्द कपड्यांचे रंग अगत्याने सांगतात, परंतु शरीराचे वर्णन जवळजवळ करीत नाहीत. मुलाचे ओठ, डोळे, केस यांविषयी संहिता गप्प आहे. तिच्यात आहे ती फक्त नावापुढची ‘काळा’ ही उपाधी. ती मुलाला, आईला आणि बापाला अशी तिघांनाही लावलेली आहे. शरीर आहे ते चित्रात. बॅनरमन चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नव्हत्या. त्यांच्या रेषेत उत्साह आहे आणि वाघांच्या ऐटीत खरा विनोद आहे. पण माणसे काढताना त्यांनी त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत प्रचलित असलेला काळ्या माणसाच्या व्यंगचित्राचा ठसा उचलला. मोठे तोंड, वटारलेले डोळे आणि बाहुल्यासारखे हावभाव ही त्या ठशाची लक्षणे आहेत.

रोलां बार्त यांनी १९६४ च्या आपल्या लेखात चित्र आणि शब्द यांच्या संबंधांचा विचार करताना असे दाखवले होते, की चित्राची अनेकार्थता शब्दामुळे एका अर्थाला बांधली जाते. ‘साम्बो’त हा क्रम उलटा झालेला दिसतो. येथे चित्र शब्दाला बांधून टाकते. शब्दांत जो मुलगा चतुर, धीट आणि विजयी आहे, तोच चित्रात आधी हास्याचा विषय होतो. सहवाचनात प्रौढ विजयाची गोष्ट वाचत असतो आणि मूल त्याच वेळी थट्टेची प्रतिमा पाहत असते. दोन वाचनांतली ही दरी मौनवाचनाच्या कसोट्या लावणाऱ्या समीक्षेला सहसा दिसत नाही.

स्थळाचाही असाच घोळ आहे. वाघ, बाजार, तूप आणि पितळी भांडे हिंदुस्थानातले आहेत. पॅनकेक इंग्रजी स्वयंपाकघरातले आहेत. आणि ‘साम्बो’ हे नाव अटलांटिकच्या दोन्ही काठांवर काळ्या गुलामांसाठी आणि नोकरांसाठी वापरले जाणारे आहे. थॅकरे यांच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये ते नोकराचे नाव आहे आणि ‘अंकल टॉम्स केबिन’मध्ये (१८५२) गुलामांवर आसूड चालवणाऱ्या गुलामाचे. म्हणजे १८९९ पूर्वीच ते नाव केवळ नाव उरले नव्हते. लेखिकेला सर्व काळे लोक एकाच अद्भुत ‘जंगला’चे रहिवासी वाटले असावेत. मद्रासच्या भोवतालचा समाज डोळ्यांसमोर असूनही तिच्या कुंचल्यातून उतरला नाही. वसाहतवादी दृष्टीचा हा सर्वांत निरागस, आणि म्हणूनच सर्वांत बोलका, नमुना आहे.

पुस्तक अमेरिकेत गेल्यावर हा ठसा आणखी गडद झाला. १९०० मध्ये तेथे पहिली आवृत्ती निघाली. पुढे हक्कांवर लेखिकेचे नियंत्रण नसल्यामुळे निरनिराळ्या प्रकाशकांनी निरनिराळ्या चित्रकारांकडून चित्रे काढून घेतली. त्यांतल्या अनेकांनी मुलाला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर नेऊन बसवले. जे व्यंगचित्र बॅनरमन यांच्या हातून सवयीने उतरले होते ते आता एका समाजव्यवस्थेचे साधन बनले. १९३२ मध्ये कवी लँग्स्टन ह्यूज यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. गोऱ्या मुलाला हे पुस्तक गमतीचे वाटत असेल, पण ज्याच्या वाट्याला आधीच पुष्कळ अपमान आले आहेत त्या काळ्या मुलाला ते आणखी एका कठोर शब्दासारखे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ह्यूज यांचा आक्षेप आरंभापासूनच ऐकणाऱ्याच्या बाजूने आला, ही बाब महत्त्वाची आहे.

५

या पुस्तकाविषयीच्या वादात दोन भूमिका ठळकपणे समोर येतात. पहिली भूमिका समर्थकांची आहे. लेखिकेचा हेतू निर्मळ होता, नायक शूर आहे, मुलांना वर्णभेद कळत नाही, त्यांना फक्त वाघ दिसतात, असे ते म्हणतात. दुसरी भूमिका विरोधकांची आहे. पुस्तकातच विष आहे, तेव्हा कथा कितीही चांगली असली तरी ते मुलांपुढे येताच कामा नये, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही भूमिकांत आवेश आहे आणि दोहोंत तथ्यांशही आहे. परंतु दोघेही अर्थाला वस्तू मानतात. एकाच्या मते ती लेखिकेच्या मनात आहे, दुसऱ्याच्या मते छापलेल्या पानात. पुस्तक कोणी, कोणासाठी, कोणासमोर, कशा आवाजात वाचले, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. आर्थी व्यंजनेचा विचार करताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंग्यार्थ कोणकोणत्या वैशिष्ट्यांमुळे प्रतीत होतो त्याची यादी दिली आहे. वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, काकू म्हणजे आवाजाची ढब, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, देश आणि काल. शब्द तेच राहतात, पण यांतले एक जरी पालटले तरी व्यंग्य पालटते. मम्मटापुढे मुक्तके होती आणि चतुर सहृदय होता, चित्रपुस्तक आणि मूल नव्हते हे खरे. तरीही सहवाचनाच्या विश्लेषणाला याहून काटेकोर चौकट क्वचितच मिळेल, कारण सहवाचन हा मूलतः उच्चारित व्यवहार आहे.

प्रथम वक्ता. मौनवाचनात वाचक आणि निवेदक यांच्यात अंतर राहू शकते, मोठ्याने वाचताना ते राहत नाही. बॅनरमन यांची संहिता नायकाचे तीन शब्दांचे पूर्ण नाव पुन्हा पुन्हा घेते आणि तिची लय या पुनरुच्चारावरच चालते. वाचणाऱ्याला ते नाव दर पानावर आपल्या तोंडाने घ्यावे लागते. पुस्तकातले संबोधन त्याचे स्वतःचे संबोधन होते. तो लेखिकेकडे बोट दाखवू शकत नाही, कारण मुलाच्या कानी येणारा आवाज त्याचा आहे. जुन्या पुस्तकाच्या सहवाचनात प्रौढावर येणारी जबाबदारी ही अशी अक्षरशः जिभेवरची असते.

दुसरा घटक बोद्धव्य. समर्थक ज्या मुलाचा दाखला देतात ते मूल बहुधा गोरे असते, घरात असते आणि त्याला त्या नावाने कोणी हाक मारलेली नसते. त्याला वाघ दिसतात आणि पॅनकेक दिसतात, यात खोटे काही नाही. पण ‘मूल’ हा एकवचनी शब्द वापरून समर्थक त्या एका मुलाला सर्व मुलांचा प्रतिनिधी करून टाकतात. संहितेने गृहीत धरलेला श्रोता आणि समोर बसलेला श्रोता हे एक नसतात. ‘कळत नाही’ हे विधान करणाऱ्याने कोणाला कळत नाही ते सांगितले पाहिजे.

आणि तिसरा, सर्वांत निर्णायक घटक म्हणजे अन्यसंनिधी, तिसऱ्याची उपस्थिती. मांडी आणि वर्ग यांतला फरक येथे आहे. मांडीवर दोघेच असतात. मूल प्रश्न विचारते, प्रौढ वाचन थांबवतो, नाव बदलतो, हसतो किंवा हसणे टाळतो. वर्गात एक वाचतो, अनेक ऐकतात आणि ऐकणारे एकमेकांकडे पाहतात. अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील शाळांत ही गोष्ट वाचली गेल्यावर वर्गातल्या एकुलत्या एका काळ्या मुलाकडे सगळ्यांचे डोळे वळणे आणि मधल्या सुटीत त्याला पुस्तकातले नाव चिकटणे, हा अनुभव अनेकांच्या आठवणींत आलेला आहे. पुस्तकातला साम्बो चार वाघांना चकवतो. वर्गातल्या मुलाला द्यायला कोट नसतो आणि छत्रीही नसते. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालसाहित्याला आरसा आणि खिडकी ही रूपके लावली. काही पुस्तकांत मूल स्वतःला पाहते, काहींतून दुसऱ्याचे जग पाहते. त्या वर्गात पुस्तक बहुसंख्यांसाठी खिडकी होते, पण खिडकीपलीकडे जो दिसत होता तो त्याच बाकावर बसलेला होता. दुसऱ्यांनी धरलेल्या आरशात त्याला स्वतःचे व्यंगचित्र पाहावे लागत होते.

यावरून असे म्हणावे लागते, की त्या मुलांच्या आठवणी या पुस्तकाच्या बाहेरच्या, केवळ समाजशास्त्राच्या कक्षेतल्या गोष्टी नव्हेत. त्या पुस्तकाच्या अर्थाचा भाग आहेत. रचना आणि इतिहास यांची फारकत करून ‘शुद्ध’ आस्वाद घेऊ पाहणाऱ्या समीक्षेला हे पटणे कठीण जाईल. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराचे अस्तित्वच उच्चाराशिवाय पूर्ण होत नाही, त्याच्या उच्चारांचा इतिहास वगळून उरते ते पुस्तक नव्हे, केवळ त्याचा कागद.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वादाला चित्रपुस्तकांनीच उत्तरे दिली. १९९६ या एकाच वर्षी दोन पुनर्निर्मिती प्रसिद्ध झाल्या. फ्रेड मार्सेलिनो यांनी ‘द स्टोरी ऑफ लिटल बाबाजी’मध्ये बॅनरमन यांची संहिता जवळजवळ तशीच ठेवली, नावे बदलली आणि चित्रे संपूर्ण हिंदुस्थानी वळणाची काढली. जूलियस लेस्टर यांनी कथन आणि जेरी पिंकनी यांनी चित्रे केलेल्या ‘सॅम अँड द टायगर्स’मध्ये कथा मुळातूनच नव्याने सांगितली गेली.

मार्सेलिनो यांच्या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. कथा व्यंगचित्रावर अवलंबून नव्हती. चित्र बदलताच शब्दांतली चतुराई मोकळी झाली आणि वाघ, बाजार, तूप यांना त्यांचा देश परत मिळाला. परंतु मराठी वाचकाला येथे हसू आवरणार नाही. चिमुकल्या मुलाचे नाव ‘बाबाजी’ आहे, जे आपल्याकडे संताला, वडीलधाऱ्याला किंवा साधूला शोभते. आणि आईचे नाव आहे ‘मामाजी’! इंग्रजी कानाला ‘मामा’ म्हणजे आई. त्याला आदरार्थी ‘जी’ जोडला, की हिंदुस्थानी आई तयार झाली. येथल्या मुलाच्या दृष्टीने मात्र पॅनकेक तळायला आईऐवजी मामा चुलीपाशी येऊन बसला. चूक निरुपद्रवी आहे आणि तिने कोणाला जखम झालेली नाही. पण तिचे मूळ बॅनरमन यांच्या चुकीपासून फार दूर नाही. दोन्ही ठिकाणी नाव धारण करणाऱ्याला ते विचारलेले नाही.

लेस्टर आणि पिंकनी यांचा मार्ग वेगळा आहे. दोघेही आफ्रिकन-अमेरिकन होते आणि ज्या समाजाला ते नाव चिकटवले गेले त्याच समाजाच्या कथनपरंपरेतून त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात प्रत्येकाचे नाव सॅम आहे. मुलगा सॅम, आई सॅम, बापही सॅम. अपमानाचे विशेषनाम त्यांनी सर्वनामासारखे करून टाकले. नाव सगळ्यांचेच असेल तर ते कोणाही एकाला टोचता येत नाही. माणसे आणि प्राणी तेथे शेजारी म्हणून नांदतात आणि सॅम आपले कपडे स्वतः पसंत करतो. पिंकनी यांच्या चित्रांत त्याच्या चेहऱ्यावर भीती आहे, विचार आहे, मिस्कीलपणा आहे. समीक्षकाने जे निबंधात म्हणावे ते या पुस्तकाने चित्रभाषेत म्हटले आहे. किंबहुना मूळ पुस्तकाची सर्वांत समर्थ समीक्षा हीच होय. तिच्यात मूळ संहितेचा काटकसरी, गणितासारखा नेटकेपणा काहीसा विरला आहे, हेही नोंदवायला हवे. लेस्टर यांचा निवेदक गप्पिष्ट आहे, तर बॅनरमन यांचा मितभाषी. एवढी किंमत देणे योग्यच होते.

२००३ मध्ये ख्रिस्टोफर बिंग यांनी मूळ नाव आणि मूळ शब्द कायम ठेवून, देखणी चित्रे काढून तिसरा मार्ग चोखाळला. चित्राचा अपमान त्यातून गेला, पण उच्चाराचा राहिला. चित्रकार चित्र बदलू शकतो, मोठ्याने वाचणाऱ्याच्या तोंडी येणारे नाव बदलू शकत नाही. जपानमधील घटनाही बोधप्रद आहेत. १९५३ मध्ये इवानामी शोतेन या प्रकाशनसंस्थेने फ्रँक डोबियास यांच्या चित्रांसह काढलेली आवृत्ती तेथे अतिशय लोकप्रिय होती. १९८८ मध्ये आक्षेपांनंतर ती बाजारातून मागे घेतली गेली आणि २००५ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने ती पुन्हा छापली तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर खपली. विकत घेणाऱ्यांत बालपण परत मागणारे प्रौढ बरेच असणार, असा तर्क करता येतो. मागे घेण्याने पुस्तक विस्मृतीत जात नाही. ते आठवणीत जाते आणि आठवणीत त्याचे फक्त तूपच उरते, वाघ उरत नाहीत.

७

मग असे पुस्तक मुलांबरोबर वाचावे काय? विवेचनातून निघणारे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे नाही, पण ते संदिग्धही नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलाच्या पहिल्या भेटीसाठी मूळ चित्रांचे आणि मूळ नावाचे पुस्तक योग्य नव्हे. कारण त्या वयात चित्र हेच वाचन असते आणि प्रौढाचे स्पष्टीकरण चित्राच्या मागून, उशिरा पोचते. त्या मुलाला वाघांच्या ऐटीचा, रंगांचा आणि १६९ पॅनकेकचा आनंद मिळण्याचा पूर्ण अधिकार आहे. नव्या चित्रांच्या पुस्तकांतून तो मिळतो, आणि हाती पुस्तक नसेल तर तोंडी सांगण्यातूनही मिळतो. तोंडी सांगताना साम्बो पुन्हा भोपळ्यातल्या म्हातारीसारखा बिनचेहऱ्याचा होतो आणि ऐकणारे मूल त्याला आपला चेहरा देते.

मूळ पुस्तकाची जागा दुसऱ्या भेटीत आहे. मूल मोठे झाले, चित्र कोणीतरी काढलेले असते आणि काढणाऱ्याला एक नजर असते हे त्याला समजू लागले, म्हणजे जुने पुस्तक त्याच्यापुढे ठेवता येते. त्या वेळी सहवाचनाचे स्वरूप पालटते. प्रौढ आता सांगणारा उरत नाही, तर उत्तर देणारा होतो. या मुलाला असे का काढले आहे, हा प्रश्न मूल विचारणारच, आणि ‘त्या काळी तसेच काढत’ हे त्याचे पुरे उत्तर नव्हे. त्या काळीही ज्यांची चित्रे काढली जात होती त्यांना ती कशी वाटत होती, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. ह्यूज यांचा आक्षेप १९३२ चा आहे. ‘त्या काळा’त तोही येतो.

हे विवेचन एका पुस्तकापुरते नाही. मराठी घरांतही आजी-आजोबांच्या कपाटातली जुनी चित्रपुस्तके नातवंडांपुढे उघडली जातात. त्यांतल्या चित्रांत कोण धिप्पाड आणि काळा राक्षस म्हणून रंगवला आहे, कोण गोरी राजकन्या आहे, कोणाच्या जातीची खूण वेशात दिसते आणि कोण दारापाशी उभा आहे, हे प्रश्न परदेशी पुस्तकाला विचारणे सोपे असते. ते आपल्या आवाजाला विचारणे कठीण जाते. कारण तेथे वक्ता परका नसतो. मांडी आपलीच असते, आणि जे पान उलटायचे की थांबायचे हे ठरवायचे असते ते आपल्याच लहानपणीचे असते.